साक्षीला उभी राहिले, पण सांगायला काहीच नव्हतं

ताई, जय ख्रिस्त. मी वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. वय ५३. आम्ही तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. सासूबाई ११ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं सगळं मीच केलं. दोन वर्षांमागं त्या गेल्या. लेक नागपूरला दिली, मुलगा पुण्याला कंपनीत. हे दिवसभर वावरात. पहाटे चारला जाग येते आणि उठायचं कशासाठी, ते समजत नाही. मागच्या रविवारी चर्चमध्ये पाळकांनी साक्षीला, म्हणजे देवानं माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभं केलं, तर तोंडून शब्द निघाला नाही. मग ते म्हणाले, “ज्याच्यात आनंद नाही, त्याचा विश्वास कमी.” समोरचे म्हातारे बाबा लकव्यानं पडून आहेत. त्यांची सून माझ्याजवळ येऊन रडते, तिला धीर द्यायलाही माझ्याकडे काही नाही. माझं काय चुकतंय?
– एक रिकामी

ताई, जय ख्रिस्त.

पाळकांच्या बोलण्याचंच आधी सांगते, कारण ते तुम्हाला फार लागलंय. “प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा” हे वचन त्यांच्या मनात असणार. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातलं ते वचन प्रेषित पौलानं कैदेत असताना लिहिलं. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आपला सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आल्याचं तो सांगतो. देवानं दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, असंही लिहितो. म्हणजे आनंद करा म्हणणाऱ्या माणसाच्या पदरी तेव्हाही दुःख होतंच, आणि ते त्यानं लपवलं नाही. तुमचा विश्वास कमी आहे, असं मी मानत नाही. विश्वास नसता तर तुम्ही हे पत्र लिहिलंच नसतं.

तुम्ही सही ‘एक रिकामी’ अशी केलीत. ती वाचून मला बायबलमधल्या रूथच्या पुस्तकातली नामी आठवली. नवरा गेला, दोन्ही मुलं गेली, आणि ती मवाबाहून बेथलेहेमास परतली. गावातल्या बाया ओळखून पुढे आल्या तर म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. भरलेली गेले होते, परमेश्वरानं रिकामी परत आणली. भर वेशीत, देवाचं नाव घेऊन तिनं हे बोलून दाखवलं. तिला कोणी गप्प केल्याचं त्या पुस्तकात कुठे नाही.

पुढे काय होतं बघा. या पुस्तकात देव एकदाही आकाशातून बोलत नाही. सातूची कापणी सुरू होते आणि नामीची सून रूथ सरवा वेचायला जाते. सरवा तुम्हाला काय सांगायचा! कापणी झाल्यावर मागे राहिलेली कणसं. शेताचे कोपरे कापू नका, गळालेलं गोळा करू नका, ते गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्या, असं नियमशास्त्रात होतं. रूथ संध्याकाळी वेचलेलं झोडून एफाभर (एफा हे धान्याचं जुनं माप) सातू घरी आणते, आणि ते पाहून बेथलेहेमास परतल्यापासून पहिल्यांदा नामीच्या तोंडून आशीर्वाद निघतो. तिचं रितेपण एका रात्रीत भरलं नाही. ओंजळीओंजळीनं भरलं, तेही दुसऱ्याच्या वावरातून.

तुमचं वावर समोरच आहे, ताई. ११ वर्षं तुम्ही एका माणसाला कूस बदलून दिलीत, भरवलंत, पुसून घेतलंत. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, घास गिळताना ठसका लागू नये म्हणून मान कशी धरायची, हे त्या सुनेला कोणी शिकवलंय का? कापूस वेचणीचे दिवस आहेत. किलोमागे मजुरी मिळते, आणि ती घरात अडकून पडली आहे. आठवड्यातून दोनदा सकाळी बाबांजवळ जाऊन बसा आणि तिला पऱ्हाटीत जाऊ द्या. धीराचे शब्द न्यायची गरज नाही. पत्रकं नेऊ नका, प्रार्थनेचा विषयही तुम्ही काढू नका. त्यांनी विचारलं तर सांगा. सासूबाई गेल्या तेव्हा तुमचं माणूसही गेलं आणि रोजचं कामही गेलं. पण ते काम ज्या हातांनी केलं, ते हात आहेत.

आता एक मोठ्या बहिणीच्या नात्यानं सांगते. पहाटेची जाग, त्यासोबत जेवण कमी होणं, कशातच रस न वाटणं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर डॉक्टरला दाखवा. जगूच नये असं वाटलं तर एक दिवसही थांबू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. गोळी घेणं म्हणजे प्रार्थना सोडणं नव्हे. संदेष्टा एलीया एका झुडपाखाली बसून, आता माझा प्राण घे, म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, आणि उठवून पुन्हा भाकर दिली.

घरच्यांनाही हे सांगा. वावरातून आले की हातपाय धुऊन चहा घेताना सांगा. कास्तकार माणूस पिकाच्या काळजीत असतो, पण सांगितल्यावाचून त्यांना कळायचं नाही.

आणि पाळकांनी पुन्हा साक्षीला उभं केलं, तर रूथच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचून दाखवा. “मी सध्या इथे आहे,” एवढं म्हणा आणि खाली बसा.

तुमची ताई