ब्लूगिल आणि बास या तळ्यातल्या माशांसाठी छोटे प्लास्टिकचे चारे गांडुळापेक्षा खरंच चांगले असतात का?

तुम्ही लिहिलंय की मिशिगनला येऊन वर्ष झालं, मासे धरायचं लायसन्स काढलंय, रॉड घेतलाय, पण दुकानात मऊ प्लास्टिकच्या पाकिटांची अख्खी भिंत बघून काही सुचेना. कोणते घ्यावेत, कुठल्या रंगाचे, आणि पेट्रोल पंपावर गांडुळं मिळत असताना हे घ्यावेतच कशाला? या शेवटच्या प्रश्नावरून माझं आणि माझ्या सख्ख्या भावाचं २०१९ पासून वाजतंय, म्हणून आधी तोच घेते.

हो, चांगले असतात. मासा परत पाण्यात सोडणार असाल तर फारच चांगले.

मी कराडची. कृष्णा-कोयनेच्या संगमापासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर. सुट्टीत दादा आणि त्याचे मित्र रोज गळ टाकायला जायचे. चारा करून देणं माझ्याकडे. कणीक घट्ट मळायची, त्यात हळद आणि ठेचलेला लसूण घालायचा, पाण्यात लगेच विरघळणार नाही इतकी तिंबायची. गांडुळंही मीच खणायचे, मोरीचं पाणी परसात जिथं मुरायचं तिथली माती उकरून. सगळं डब्यात भरून घाटापर्यंत नेऊन द्यायचं आणि मग पायरीवर बसून बघायचं. गळ एकदाही हातात मिळाला नाही. “पोरींचा हात एका जागी राहत नाही,” हे दादाचं ठरलेलं वाक्य. ते मला अजून लागतं.

२०११ ला आम्ही मिशिगनमधल्या नोव्हायला आलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी एका रविवारी मला केन्सिंग्टन मेट्रोपार्कला केंट लेकवर नेलं, हातात रॉड दिला आणि दीड इंची ट्यूब, म्हणजे मऊ प्लास्टिकची, झालरीच्या शेपटीची पोकळ नळी, गळावर कशी चढवायची ते शिकवलं. माझी खरी शाळा ती. हात माझा एका जागी राहत नाही हे खरंच होतं, आणि या माशांना नेमकं तेच हवं असतं.

चढवणं नीट ऐका, कारण बहुतेक लोक इथंच चुकतात आणि मग प्लास्टिकला नावं ठेवतात. आधी जिगचा, म्हणजे डोक्याला वजनाची गोळी असलेला, गळ चाऱ्याच्या अंगावर आडवा ठेवून बघायचा, म्हणजे टोक कुठून बाहेर येणार ते कळतं. तिथं नखानं खूण करायची. मग चाऱ्याच्या तोंडाच्या बरोबर मधून टोक घालायचं आणि सुईत ओवल्यासारखा चारा वर सरकवत न्यायचा, खुणेवर टोक बाहेर काढायचं. आता डोळ्यासमोर धरून बघा. चारा सरळ हवा. कुठंही चिमटलेला, वाकलेला नको. वाकडा चारा पाण्यात गिरक्या घेतो, दोऱ्याला पीळ पडतो, आणि ब्लूगिल जवळ येऊन बघतो नि निघून जातो. स्वच्छ पाण्यात हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. वाकडा बसला तर काढून परत ओवा, आळस करू नका.

दादा आला २०१९ च्या जूनमध्ये, माझ्या मुलीच्या ग्रॅज्युएशनला. दुसऱ्याच दिवशी म्हणाला, चल, तुझं तळं दाखव. वाटेत पंपावर थांबलो. तिथं फ्रिजमध्ये दुधाच्या शेजारी थर्माकोलच्या डबीत जाडजूड गांडुळं डझनावर विकायला होती. त्यानं दोन डब्या घेतल्या. सकाळी सहाला आम्ही धक्क्यावर. त्याच्याकडे बॉबर, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, आणि गांडूळ; माझ्याकडे १/३२ औंसाचा जिग, म्हणजे एक ग्रॅमपेक्षाही हलका, त्यावर हिरवट-तपकिरी ट्यूब, दोरा चार पौंडी, म्हणजे तेवढाच ताण सोसणारा.

पहिल्या अर्ध्या तासात त्यानं नऊ धरले, मी चार. हे लपवत नाही. गांडुळाला वास असतो, ते आपलं आपण वळवळतं, आणि ब्लूगिलला ते ओळखीचं असतं. दादा खूश होता. दर माशाला माझ्याकडे बघत होता.

मग मी त्याला सांगितलं की हे सोडायचेत. २०१८ च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या आरोग्य खात्यानं केंट लेक आणि ह्युरन नदीतले मासे खाऊ नका असा इशारा दिला होता, पीएफएएस नावाची रसायनं सापडली म्हणून. त्याचा चेहराच उतरला. “खायचा नाही तर धरायचा कशाला?” त्याच्या जागी तो बरोबरच होता. आमच्याकडे गळाला लागलेला मासा चुलीवर जायचा, गळ त्याच्या ओठात आहे की पोटात, हे बघायची वेळच यायची नाही.

इथं आली. दहाव्या ब्लूगिलनं गांडूळ पार गिळलं होतं. ब्लूगिलचं तोंड केवढं, करंगळीचं टोकही जेमतेम जाईल. बॉबर बुडेपर्यंत दादा थांबला होता, तोवर गळ आत गेला होता. त्यानं ओढून बघितलं तर कल्ल्यातून रक्त आलं. मी दोरा तोंडाशी कापला, तेच करायचं असतं, आणि मासा पाण्यात सोडला. तो आडवा झाला, एकदा शेपूट हलवली आणि तसाच वाहत राहिला. एका सीगलनं उचलला. दादा काही बोलला नाही. पण पुढच्या तासाभरात आणखी तीन असेच गेले.

माझ्या माशांत एकही नाही. प्रत्येकाच्या वरच्या ओठात किंवा तोंडाच्या कोपऱ्यात गळ, दोन बोटांनी फिरवला की सुटा. हे असं होण्याचं कारण आहे. ब्लूगिल चावत नाही, तो पाणी ओढतो आणि पाण्याबरोबर चारा आत घेतो. खोटा आहे हे कळलं की तितक्याच झटकन थुंकतो. मऊ प्लास्टिक तो कडक चाऱ्यापेक्षा क्षणभर जास्त तोंडात ठेवतो, आणि तेवढ्या क्षणात तुम्हाला रॉडचं टोक उचलायचं असतं. म्हणजे गिळायला वेळच मिळत नाही. त्यासाठी बॉबर नको. दोरा पाण्यात जिथं शिरतो त्या ठिकाणावर नजर ठेवा. चारा हळूहळू बुडत असतो, दोरा त्याच्यामागून संथ आत जात असतो. तो मध्येच थांबला, बाजूला सरकला, किंवा एकदम ढिला पडला, की उचला. हिसका नको, मनगट वर, बस. हाताला कळण्याआधी डोळ्यांना कळतं.

दादाचं म्हणणं बरोबर उलटं: मासा हाताला कळला पाहिजे. चाळीस वर्षं तो हेच सांगतोय.

साडेआठच्या सुमाराला मी धक्क्याच्या टोकाला गेले, जिथं पाणवनस्पतींची कड संपून आठेक फूट खोल होतं. तीच ट्यूब टाकली. बुडता बुडता दोरा थांबला. उचलला तर वाटलं बुडाला अडकलं, आणि मग ते बूड चालायला लागलं. लार्जमाउथ बास, नंतर मोजला तर साडेसतरा इंच. चार पौंडी दोऱ्यावर त्याला ओढता येत नाही, दमवावं लागतं. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटू देणारा ब्रेक, सैल ठेवला होता म्हणून निभावलं. तो वर येऊन डोकं झाडत होता तेव्हा दादा माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसला, हात आधी पाण्यात ओला केला, माशाच्या खालच्या ओठात अंगठा घालून त्याला असा अलगद उचलला की माझ्या पोटात कालवलं. तो हात कुठल्याही दुकानात मिळत नाही, हे मी मान्य करते.

गळ वरच्या ओठात होता. दादानं ट्यूब काढली, बोटांत दाबली, वास घेतला. बडीशेपेसारखा वास येतो तिला. म्हणाला, “याच्या तोंडात काहीच पडलं नाही गं. फसवलंस त्याला. आपण निदान चारा देतो, देऊन घेतो.” आणि कराडला जाऊन सगळ्यांना सांगितलं की बहिणीला एक मोठा मासा लागला, योगायोगानं.

योगायोग नव्हता. तुम्ही नवीन आहात म्हणून सांगते, मोठा बास छोटा चारा खातो. अमेरिकेत यावर लोकांनी आयुष्यं घातली आहेत. कॅन्ससचे नेड केहडी पाच इंची प्लास्टिकचा चारा मधोमध कापून अडीच इंचाचा करायचे आणि अळंबीच्या आकाराच्या हलक्या जिगवर लावायचे. त्याला आज सगळे नेड रिग म्हणतात. सुट्टीच्या दिवसांत तळ्यावर बोटींची गर्दी झाली, मासे बिचकलेले असले, की मोठे चारे रिकामे येतात आणि हा तुकडा चालतो. तुम्हाला एकाच चाऱ्यानं ब्लूगिलही हवेत आणि बासही, तर दोन ते अडीच इंच हा मधला आकडा. नुसते ब्लूगिल आणि त्यांच्यासारखेच क्रॅपी मासे हवे असतील तर एक ते दीड इंच. शेपटी लांब घेऊ नका, ब्लूगिल शेपटीच तोडून नेतात आणि गळापर्यंत येत नाहीत.

देऊन घेण्याचं म्हणाल, तर गांडुळातही गळ असतोच. चारा खरा असला म्हणून फसवणूक कमी होत नाही. उलट खरा आहे म्हणून मासा तो गिळतो आणि मरतो. खायला घेणार असाल तर खुशाल गांडूळ लावा, मी काही म्हणणार नाही. सोडणार असाल तर त्याला जगण्याजोगा सोडा. दादाला हे मी दर दिवाळीला फोनवर सांगते.

आणि प्लास्टिकमध्ये काही कसब नाही, दुकानातून आणलं की झालं, असं त्याला वाटतं, त्याचं मला फार वाईट वाटतं. पहिला प्लास्टिकचा किडा १९४९ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम आणि त्यांची बायको कॉस्मा यांनी घरच्या स्वयंपाकघरात, शेगडीवर शिजवून केला. अ‍ॅक्रन इथून तीन तासांवर. नवराबायकोनं मिळून केलेला चारा आहे तो. मी कणीक तिंबत होते तेव्हा कुणी मला कसब म्हटलं नाही, पण कणीक सैल झाली की गळ रिकामा यायचा हे दादालाही माहीत होतं.

आता काही गोष्टी, ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. गढूळ पाण्यात, पावसानंतर, गांडूळ जिंकतं. तिथं वास लागतो. कॅटफिशसाठी प्लास्टिकच्या फंदात पडू नका. लहान मूल बरोबर असेल तर त्याला पहिल्या दिवशी बॉबर आणि गांडूळच द्या, दोऱ्यावर नजर ठेवायला त्याला जमणार नाही, कंटाळेल. प्लास्टिकही कधी कधी गिळलं जातं, विशेषतः दोरा ढिला सोडून गप्पा मारत बसलात तर. तो दोष तुमचा. फाटलेले चारे पाण्यात टाकू नका, मासे ते खातात आणि ते पोटात राहतात. मेनमध्ये २०१३ साली याच कारणावरून असे चारे बंद करायचं विधेयक आलं होतं. मी फाटलेले तुकडे खिशातल्या डबीत घालून घरी आणते. अतिशय ताणले जाणारे, पाण्यावर तरंगणारे चारे साध्या मऊ प्लास्टिकच्या चाऱ्यांबरोबर एका डबीत ठेवू नका, दोन्ही एकमेकांना लागून वितळतात आणि सगळ्याचा चिखल होतो. पाकीट त्याचं त्यालाच राहू दे. मासे खायचे असतील तर राज्याचा सध्याचा सल्ला त्या त्या तळ्यासाठी बघून घ्या.

रंग विचारला होतात. स्वच्छ पाण्यात हिरवट-तपकिरी, ढगाळ दिवशी पांढरा. दोनच पाकिटं पुरेत, बाकीची भिंत तिथंच राहू दे.

एका बाबतीत मात्र मी दादाचं ऐकते. त्या दिवशी किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात ब्लूगिलची घरटी होती, परातीएवढ्या गोल, झाडून काढल्यासारख्या स्वच्छ खळग्या, एकीला लागून एक, वीसेक तरी. प्रत्येकीवर एक नर घिरट्या घालत होता. घरट्यापाशी जे येईल त्याच्यावर तो तुटून पडतो, त्यामुळे तिथं काहीही टाका, मासा लागतो. कायद्यानं बंदी नाही. दादानं बघितलं आणि म्हणाला, मरळीच्या पिलांचा लाल थवा दिसला की आपण गळ काढून घेतो, इथं वेगळं काय आहे? नराला वर काढलं की तेवढ्यात बाकीचे ब्लूगिल येऊन अंडी खातात, हे मला माहीत होतं आणि तरी मी आठ वर्षं तिथंच टाकत होते. त्या दिवसापासून नाही.

तेव्हा जूनमध्ये गेलात तर खळग्या दिसल्या की ओलांडून पुढं चला. पाण्याचा रंग जिथं गडद होतो आणि वनस्पतींची कड लागते, तिथं ट्यूब टाका आणि दोऱ्याकडे बघत राहा.