सहा वर्षांच्या मुलीसाठी जेईईची शाळा

प्रश्न : आम्ही भांडुपला राहतो. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. महापालिकेची मराठी शाळा घरापासून पाच मिनिटांवर आहे. पण मी अशाच शाळेत शिकलो आणि इंग्रजीमुळे ऑफिसात मागे पडलो. म्हणून बसने सव्वा तासावरची एक सीबीएसई शाळा मनात आहे. पुढे अभियांत्रिकीच्या जेईई या प्रवेश परीक्षेलाही ती उपयोगी पडेल. शुल्कासाठी कर्ज काढावे लागेल. तिथल्या मुलाखतीसाठी शिकवणी लावली आहे, पण घरी अखंड बडबडणारी मुलगी तिथे तोंडच उघडत नाही. काय करावे?

उत्तर : स. न. वि. वि.

आपण जाता जाता लिहिलेले शेवटचे वाक्य मला कर्जापेक्षा अधिक काळजीचे वाटते. बोलकी मुलगी ज्या जागी गप्प होते, ती जागा तिला काय शिकवत असेल? ऑफिसात आपला जो अपमान झाला तो खरा आहे आणि मी तो हलका लेखत नाही. परंतु तो आपला आहे, त्याची भरपाई सहा वर्षांच्या मुलीकडून करून घेणे योग्य नव्हे. इंग्रजीची शिकवणी लावायचीच असेल, तर ती आपण स्वतःला लावावी. मी हे उपरोधाने लिहीत नाही.

शिवाय, जिची एवढी तयारी चालली आहे ती मुलाखतच बेकायदा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. पहिल्या उल्लंघनास २५ हजार आणि पुढील प्रत्येक उल्लंघनास ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

आता जेईईविषयी. पहिलीपासून सीबीएसई असल्याशिवाय अभियांत्रिकीचे दार उघडत नाही, हा समज मी दर वर्षी ऐकतो. जेईई मेनचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा असतो, बसण्यासाठी मंडळाची अट नाही आणि २०२१ पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते. एनआयटी या केंद्रीय अभियांत्रिकी संस्थांच्या प्रवेशासाठी बारावीला ७५ टक्के गुण हवेत किंवा विद्यार्थी आपापल्या मंडळाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या २० टक्के मुलांत, हवा. या दुसऱ्या निकषात तुलना त्याच मंडळातील मुलांशी होते. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशाची एमएचटी-सीईटी तर राज्य मंडळाच्याच अभ्यासक्रमावर बेतलेली असते. आणखी एक गंमत अशी, की आपल्याकडे सीबीएसईतून दहावी झालेली पुष्कळ मुले अकरावीला राज्य मंडळाच्याच कनिष्ठ महाविद्यालयात जातात. दहा वर्षे कर्ज फेडून मग तिथेच यायचे असेल, तर हिशेब पुन्हा मांडावा.

याचा अर्थ शेजारची शाळा डोळे मिटून घ्यावी असा नाही. महापालिकेच्या मराठी शाळांचा पट अनेक ठिकाणी घसरला आहे, आणि एकच शिक्षक दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळत असेल, तर मी स्वतः तिथे मूल घालणार नाही. कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक हवेत. प्रत्यक्षात किती आहेत ते मोजून पाहावे. शाळा कितवीपर्यंत आहे, हेही विचारावे. तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असणे बंधनकारक आहे. त्यांच्यापैकी दोघांना फाटकाबाहेर गाठल्यास मुख्याध्यापकांच्या कक्षात न कळणाऱ्या गोष्टी कळतील.

आपल्या पत्रात दोनच पर्याय आहेत, याचे मला आश्चर्य वाटते. पाचवी किंवा आठवीपासून गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणाऱ्या सेमी इंग्रजीच्या जुन्या अनुदानित मराठी शाळा उपनगरांत अजूनही आहेत, आणि त्यांचे शुल्क भरायला कर्ज लागत नाही. चालत किंवा रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येईल अशा शाळा आधी पाहाव्यात, मुलीला सोबत न्यावे, आणि ती कुठे आपणहून बोलू लागते याकडे लक्ष ठेवावे. मुलाखतीची शिकवणी मात्र आजच बंद करावी, भरलेले पैसे परत मिळाले नाहीत तरी.