प्रायमरीत हमखास जिंकणारा सोडून भलत्यालाच तिकीट का? टेक्ससमधून जरा सविस्तर

तुमचा प्रश्न वाचला. नुकतेच सिटिझन झालात, मार्चमधली पहिली प्रायमरी, म्हणजे पार्टीचा उमेदवार ठरवायचं मतदान, समोर आहे, ऑफिसातला जुना टेक्सन मित्र सांगतो की नोव्हेंबर सोड, मार्चला मत दे, आणि तुम्हाला कोडं पडलंय की हे कट्टर रिपब्लिकन लोक हमखास निवडून येणाऱ्या माणसाला घरी बसवून भलत्यालाच का उभं करतात. मी डॅलसच्या उत्तरेला वीसेक वर्षं आहे, त्यातली दहा-बारा वर्षं रिपब्लिकन पार्टीचं खालचं काम करण्यात, म्हणजे आपल्या भाषेत सतरंज्या उचलण्यात गेली. त्यामुळे माझी बाजू कुठली ते उघड आहे, पण यांचं सगळंच मला पटतं असंही समजू नका.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे तिकीट वरून येतं. मुंबईत नाहीतर दिल्लीत बैठक होते, शेवटच्या रात्री एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतो त्यावर सगळं, आणि ज्याला मिळाला नाही तो बंडखोर. इथे एबी फॉर्म देणारं कुणी नाहीच. पार्टीचा अध्यक्ष डोकं आपटून म्हणाला की हा माणूस आम्हाला नको तरी तो फी भरून उभा राहू शकतो आणि मतदारांनी निवडला तर तोच अधिकृत उमेदवार, पार्टीनं गिळायचं. आणि टेक्ससमध्ये १९९४ नंतर राज्यभराच्या एकाही निवडणुकीत डेमोक्रॅट जिंकलेला नाही, म्हणजे खरी लढाई मार्चमध्येच होते हे तुमच्या मित्राचं अगदी बरोबर आहे. २०२२ च्या मार्चमध्ये रिपब्लिकन प्रायमरीत साडेएकोणीस लाखांच्या आसपास मतं पडली, नोंदणी केलेले मतदार होते एक कोटी सत्तर लाखांच्या वर. म्हणजे शंभरातली अकरा-बारा माणसं राज्याचा गव्हर्नर ठरवतात. मग ही अकरा-बारा माणसं डोक्यात काय घेऊन येतात हे कळल्याशिवाय काहीच कळत नाही.

तर डोक्यात काय असतं. तुम्ही विचारता ‘कोण जिंकेल’, आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो ‘जिंकल्यावर कोण टिकेल’. हा फरक कुठून आला त्यासाठी पेनसिल्व्हेनियाची गोष्ट सांगतो, कारण ती इथल्या जुन्या कार्यकर्त्यांना पाठ असते. २००४ मध्ये तिथे सेनेटर होते आर्लन स्पेक्टर, मवाळ रिपब्लिकन, चार टर्म झालेल्या. त्यांच्याविरुद्ध पॅट टूमी नावाचा कन्झर्व्हेटिव्ह काँग्रेसमन प्रायमरीत उभा राहिला. सगळं वरचं मंडळ, खुद्द प्रेसिडेंट बुश धरून, स्पेक्टरच्या मागे, आणि कारण तेच, की बाबांनो हा मवाळ असला तरी जिंकतो, टूमी या राज्यात जिंकूच शकत नाही. टूमी सतराएक हजार मतांनी हरला. पाच वर्षांनी, २००९ च्या एप्रिलमध्ये, त्याच टूमीपुढे आता प्रायमरी जिंकता येणार नाही हे दिसल्यावर स्पेक्टर सरळ डेमोक्रॅट झाले आणि त्याच डिसेंबरात ओबामाकेअरला, म्हणजे ओबामांच्या आरोग्यविम्याच्या कायद्याला, सेनेटमध्ये जी बरोब्बर साठ मतं लागत होती त्यातलं एक त्यांचं होतं. आणि २०१० ला टूमी त्याच राज्यातून, जे दोन वर्षांपूर्वी ओबामांनी आरामात घेतलं होतं, सेनेटर म्हणून निवडून आला.

आता तुम्ही सांगा, ज्यानं २००४ मध्ये वरच्यांचं ऐकून नाइलाजानं स्पेक्टरला मत दिलं तो माणूस पुन्हा ‘जिंकण्याची क्षमता’ हा शब्द ऐकून घेईल का? फ्लोरिडात त्याच सुमारास असंच झालं, वरच्यांनी चार्ली क्रिस्टला आधीच आशीर्वाद दिला, खालच्यांनी मार्को रुबिओ उचलून धरला, क्रिस्ट प्रायमरी सोडून अपक्ष उभा राहिला आणि पडला, नंतर तर डेमोक्रॅटच झाला. आमच्याकडे एक सत्तरीच्या बाई आहेत, आयुष्यभर शाळेत शिकवलं, प्रत्येक उमेदवाराला एकच विचारतात, ‘तू शेवटचं असं मत कधी दिलंस ज्यानं तुझेच मित्र तुझ्यावर चिडले?’ उत्तराला वेळ लागला की बाई वहीत काट मारतात. आमच्या भागातला कुठलाही पोल मी बाईंच्या त्या वहीपुढे धरणार नाही.

पण याची दुसरी बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. नॅशनल रिव्ह्यू या नियतकालिकाचे विल्यम बकली, ज्यांना ही सगळी चळवळ गुरुस्थानी मानते, त्यांनी १९६७ मध्येच सूत्र दिलं होतं की सगळ्यात उजवीकडचा जो *जिंकण्याजोगा* उमेदवार असेल त्याच्यामागे जा. गंमत अशी की प्रायमरी आली की ‘उजवीकडचा’ सगळ्यांच्या लक्षात राहतो आणि ‘जिंकण्याजोगा’ नेमका विसरला जातो. २०१० ला डेलावेअरमध्ये माइक कॅसल, माजी गव्हर्नर, नऊ वेळा काँग्रेसवर गेलेला, सीट जवळपास खिशात, त्याला पाडून क्रिस्टीन ओ’डॉनेल आणली, मग जुन्या एका विधानावरून तिला टीव्हीवर जाहिरात करून सांगावं लागलं की मी चेटकीण नाही, आणि नोव्हेंबरात सोळा-सतरा टक्क्यांनी सीट गेली. २०१२ ला इंडियानात छत्तीस वर्षं सेनेटर असलेल्या डिक लुगरना हरवून रिचर्ड मरडॉक आणला, तोही पडला. मिझूरीत तर टॉड एकिन प्रायमरी जिंकावा म्हणून समोरच्या डेमोक्रॅट सेनेटर क्लेअर मॅकास्किल यांनीच त्याला ‘फारच कन्झर्व्हेटिव्ह’ म्हणणाऱ्या जाहिराती चालवल्या, आपली मंडळी ते कौतुक समजून धावली, आणि पुढे बलात्काराबद्दल तो जे बरळला त्यानं स्वतः बुडाला आणि इतर राज्यांतल्यांनाही ओलं केलं.

मी यावर आमच्या ग्रुपमध्ये भांडलोय. उत्तर मिळतं की कॅसल जिंकून गेला असता तर तो आपला दुसरा स्पेक्टर झाला असता, मग सीट असून काय फायदा. मला हे अर्धंच पटतं. सेनेटमध्ये बहुमत कुणाचं यावर कमिट्या ठरतात, जजेस ठरतात, तिथे मोजणीत डोकं लागतं. नुसतं मन शुद्ध असून चालत नाही. पण हेही खरं की वरच्यांनी पसंत केलेले ‘सेफ’ उमेदवार पडले की कुणी त्यांची यादी काढत नाही, खालच्यांनी उभे केलेले पडले की वर्षानुवर्षं दाखले. (मीही वर तेच केलं म्हणा.)

दुसरं म्हणजे निवडायची पद्धत. बाहेरच्यांना ही भांडणं किरकोळ नियमांची वाटतात, पण खरी झुंज इथेच चालते. टेक्ससमध्ये मतदार नोंदणी करताना पार्टी सांगायचीच नसते. मार्चला बूथवर गेलात की विचारतात कुठली बॅलट पाहिजे, सांगाल ती मिळते. म्हणजे डेमोक्रॅटसुद्धा रिपब्लिकन प्रायमरीत मत टाकू शकतो, आणि ही आमच्या लोकांची सगळ्यात मोठी ठसठस. यांना मिसिसिपी २०१४ म्हणा फक्त. तिथे जुने सेनेटर थॅड कॉक्रन आणि त्यांच्याविरुद्ध खालच्यांचा क्रिस मॅकडॅनियल, पहिल्या फेरीत मॅकडॅनियल किंचित पुढे पण पन्नास टक्के नाहीत, म्हणून तीन आठवड्यांनी रनऑफ, म्हणजे पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. त्या तीन आठवड्यांत कॉक्रनच्या लोकांनी डेमोक्रॅट मतदारांकडे, विशेषतः कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये जाऊन मतं मागितली, आणि सात-आठ हजारांनी जिंकले. कायद्यात बसणारं होतं. माझ्या मते तर ज्याला सगळ्या राज्याचा सेनेटर व्हायचंय त्यानं सगळ्या राज्याकडे मत मागावं. पण कार्यकर्त्याला ते असं वाटलं की घरातल्या लग्नात नवरदेव शेजाऱ्यांनी ठरवला. म्हणून २०२४ मध्ये सॅन अँटोनियोच्या अधिवेशनात टेक्सस पार्टीनं प्रायमरी फक्त रिपब्लिकनांपुरती बंद करायचा नियम मंजूर केला, पण तो पार्टीचा नियम, राज्याचा कायदा नव्हे. मी तिथे डेलिगेट, म्हणजे निवडलेला प्रतिनिधी, होतो, त्या दिवशी हॉलमध्ये जो आवाज झाला तो गर्भपाताच्या ठरावालाही झाला नव्हता.

यूटाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे शेजारपाजारच्या कॉकसमधून, म्हणजे वस्तीतल्या बैठकांमधून, डेलिगेट निवडले जातात आणि ते अधिवेशनात उमेदवार चाळतात. २०१० ला तीन टर्मचे सेनेटर बॉब बेनेट तिथेच तिसरे आले, लोकांपर्यंत प्रकरण गेलंच नाही, आणि पुढे माइक ली सेनेटर झाले. मग २०१४ मध्ये कायदा करून सह्या गोळा करून थेट प्रायमरीत जायची दुसरी वाट काढली, आणि आता दर वेळी तमाशा असतो: २०१८ ला मिट रॉमनी अधिवेशनात दुसरे आणि प्रायमरीत दणदणीत पहिले, २०२४ ला गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स यांना अधिवेशनात हूटिंग झालं, फिल लायमननं दोन तृतीयांश डेलिगेट नेले, आणि प्रायमरीत कॉक्सच जिंकले. तेव्हा ‘ग्रासरूट’, म्हणजे तळातली माणसं, ती नक्की कोण? शनिवारभर हॉलमध्ये बसणारे काही हजार की मंगळवारी गपचूप मत टाकून जाणारे काही लाख? दोघंही म्हणतात आम्हीच.

मला विचाराल तर व्हर्जिनियानं २०२१ ला जे केलं ते सगळ्यात शहाणपणाचं. कोविडमुळे एका हॉलमध्ये अधिवेशन भरवता येईना, मग राज्यात एकोणचाळीस ठिकाणी केंद्रं ठेवली, आधी नाव नोंदवलेल्या डेलिगेटांनी गाड्यांतून येऊन पसंतीक्रमानं मतं दिली. गव्हर्नरसाठी सात जण होते, साधी मोजणी असती तर पंचवीस-तीस टक्क्यांवरही कुणी आरडाओरडा करून निघून गेला असता. सहाव्या फेरीत ग्लेन यंगकिन निघाले, जे कुणाचे फार लाडके नव्हते पण फारसे नकोसेही कुणाला नव्हते, आणि नोव्हेंबरात डेमोक्रॅटांकडे झुकलेलं ते राज्य जिंकलं. आता आपलीच मंडळी अलास्काकडे, जिथे याच पद्धतीत आपली सीट गेली, बोट दाखवून पसंतीक्रमाला शिव्या देतात. यंगकिनचं नाव काढलं की विषय बदलतात.

टेक्ससमध्ये ते काम रनऑफ करतो. २०१२ ला डेव्हिड ड्यूहर्स्ट लेफ्टनंट गव्हर्नर, स्वतःच्या खिशातून कोट्यवधी डॉलर ओतणारा माणूस, सेनेटच्या पहिल्या फेरीत जवळपास पंचेचाळीस टक्के. टेड क्रूझ नावाचा कुणाला फारसा माहीत नसलेला वकील चौतीसवर. रनऑफ त्या वर्षी जुलैच्या शेवटी, भर उन्हात, आणि त्या उन्हात कोण बाहेर पडतं? ज्याला कळकळ आहे तो. पहिल्या फेरीत क्रूझला चार लाख ऐंशी हजार आणि ड्यूहर्स्टला सव्वासहा लाखांच्या वर होती, रनऑफमध्ये जवळजवळ तेच आकडे उलटे झाले, क्रूझ सहा लाख तीस हजार. मी आमच्या गल्ल्यांत पत्रकं वाटत होतो, शर्ट अंगाला चिकटलेला, एका आजोबांनी दार उघडून पत्रक न बघताच विचारलं, ‘पाण्याचं नंतर, आधी सांग हा तिकडे जाऊन बदलणार नाही ना?’

अलीकडे मात्र मला एक गोष्ट खटकते. २०२३ मध्ये इथल्या हाऊसमध्ये, म्हणजे राज्याच्या विधानसभेत, एकवीस रिपब्लिकनांनी शाळेच्या व्हाउचरच्या, म्हणजे खासगी शाळेच्या फीला सरकारी पैसे देण्याच्या, विरोधात मत दिलं, बहुतेक गावाकडचे, जिथे सरकारी शाळा हीच सगळ्यात मोठी नोकरी देणारी संस्था आणि शुक्रवारची फुटबॉल मॅच हाच सण. २०२४ ला गव्हर्नर ॲबट स्वतः त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या विरोधात उतरले, पेनसिल्व्हेनियाच्या जेफ यास या धनाढ्यानं ॲबटना एकरकमी साठ लाख डॉलर दिले, आणि बरेच आमदार घरी गेले. प्रचार ‘ग्रासरूटचा कौल’ म्हणून झाला. काही ठिकाणी होताही. पण काही गावांत खालचे लोक आपल्या आमदाराबरोबर होते आणि पत्रकं वरून येत होती, ज्यांत मूळ मुद्दा व्हाउचरचा असून छापलेलं बॉर्डरबद्दल होतं. आपल्याकडे आयात उमेदवार असतो, इथे आयात राग असतो.

स्पीकरचा मुद्दाही तुमच्या कानावर येईल. जानेवारी २०२५ मध्ये डस्टिन बरोज, स्वतः रिपब्लिकन, स्पीकर झाले ते ४९ डेमोक्रॅट आणि ३६ रिपब्लिकन मतांवर, रिपब्लिकनांचं बहुमत असलेल्या हाऊसमध्ये. त्यामुळे आता दारात आलेल्या आमदारकीच्या प्रत्येक उमेदवाराला विचारतात की स्पीकरसाठी मत कुणाला देणार, लेखी दे. तुम्हीही विचारा, उत्तरावरून माणूस कळतो, मग तुमचं मत काही का असेना.

बाकी तुमच्यापुरतं. नोंदणी मतदानाच्या तीस दिवस आधी झाली पाहिजे, आणि लायसन्सचं ऑनलाइन काम करताना सोडलं तर इथे नवीन नोंदणी ऑनलाइन होत नाही, फॉर्म प्रिंट करून सही करून पाठवावा लागतो. मार्चला एका पार्टीची बॅलट घेतली की मेच्या रनऑफला दुसऱ्या पार्टीकडे जाता येत नाही. घरी रंगीत स्लेट कार्डं येतील, ‘कन्झर्व्हेटिव्हांची शिफारस’ वगैरे, त्यातल्या काही याद्यांत उमेदवारानं पैसे मोजलेले असतात, तेव्हा ती बाजूला ठेवून विद्यमान आमदाराची जुनी मतं बघा. आणि बॅलट शेवटपर्यंत वाचा, सगळ्यात तळाशी प्रीसिंक्ट चेअर, म्हणजे आपल्या बूथच्या भागापुरता पार्टीचा प्रमुख, असतो. बऱ्याच ठिकाणी ती जागा रिकामीच असते, मीही असाच सापडलो होतो.

बायकोचं विचारलंत, तिचं अजून ग्रीन कार्ड आहे ना? तिला दारोदार फिरता येईल, फोन करता येतील, देणगीसुद्धा देता येईल, पण मत नाही. लायसन्स रिन्यू करताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो तिथे तिनं ‘नाही’ म्हणायचं, चुकूनही ‘हो’ नको, नाहीतर पुढे सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूला अवघड होऊन बसेल.