कोल्हापुरातल्या आमच्या स्वतंत्र घरात चोरी, धूर आणि गॅसगळतीचा अलार्म बसवायचाय, त्यात काय काय लागतं?

कोल्हापुरात स्वतंत्र घर आहे म्हणताय, तर एक कंट्रोल पॅनेल, त्याला जोडलेले सेन्सर आणि सायरन, एवढं मूळ सामान. दारं-खिडक्यांना चुंबकाचा सेन्सर लागतो: एक तुकडा चौकटीवर, दुसरा दारावर, दोघांत अंतर पडलं की पॅनेलला कळतं. हॉलमध्ये पीआयआर, म्हणजे माणसाच्या अंगाच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारा सेन्सर.

पण माझं ऐकाल तर आधी गॅसचा सेन्सर घ्या, आणि तो बसवताना स्वतः समोर उभे राहा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला की फरशीलगत साचतो. म्हणून सेन्सर जमिनीपासून फूटभर उंचीवरच हवा. आमच्याकडे बसवणाऱ्याने तो थेट छताजवळ ठोकला होता. मी काढून खाली घ्यायला लावला. धुराचा मात्र छतालाच.

पॅनेलला बॅटरी हवीच. पंचगंगेचं पाणी शिरतं अशा भागात राहत असाल, तर पॅनेल वरच्या मजल्यावर घ्या. २०१९चा पूर आठवा.

गॅसचा अलार्म वाजला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरूनच १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला फोन लावा.