पोरगं तालमीला जाईना झालंय

"सर, चांगलं तालमीत जात होतं, आता नाव काढू देत नाही, खोलीतनं बाहेर येत नाही." कोल्हापुरात सातवी ते दहावीतल्या मुलांचे वडील माझ्याकडं समुपदेशनाला येतात तेव्हा हे वाक्य थोडंफार बदलून सारखं ऐकायला मिळतं. पुढचा अंदाजही ठरलेला, मोबाईल नाहीतर संगत.

असाच एक आठवीतला (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). वडिलांच्या मते खुराक कमी पडत होता, म्हणून थंडाईतले बदाम वाढवले, म्हशीचं दूध वाढवलं. पोरगं एप्रिलच्या उन्हात शर्टाच्या आत दोन बनियन घालून, दप्तर छातीशी धरून बसलेलं. मी वडिलांना चहाला पाठवलं आणि मोबाईलचा विषय न काढता नुसतं विचारलं, एवढं उकडतंय, दोन बनियन का? बराच वेळ काहीच नाही. मग खाली बघत,

"सर, मी पोरगी व्हायला लागलोय काय ओ?"

छातीत दोन्हीकडं गाठ आली होती, धक्का लागला की दुखायचं, लंगोटावर आखाड्यात उतरलं की सगळ्यांना दिसणार, आणि एकानं चिडवलंही होतं.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ पद्धतीनं, म्हणजे त्रास देणारा विचार पुराव्यावर तपासून बघायच्या पद्धतीनं, काम करतो, त्यामुळं नुसतं "काळजी करू नको" म्हणत नाही, पुरावा मागतो.

"आवाज कधी फुटला?"

"दिवाळीत."

"शाळेची पँट?"

"आखूड झाली."

"मिसरूड?"

हात ओठावर गेला.

"हे सगळं पोरीला होतं का रे?"

हसला, आणि दप्तर खाली ठेवलं. माझ्या दृष्टीनं काम तिथंच झालं. गाठ दुखत होती ते खरं, पण त्याला घरात कोंडलं ते त्यानं एकट्यानं लावलेल्या अर्थानं, आणि तो अर्थ त्याचा त्यानंच खोडला. मुलाला असं स्वतःच्या डोक्यानं बाहेर येताना बघणं हे मला या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं.

मुलग्यांच्या छातीत अशी गाठ येण्याला गायनेकोमास्टिया म्हणतात. इस्ट्रोजेन हे बायकांचं मानलं जाणारं संप्रेरक मुलग्यांच्या शरीरातही असतं, वयात येताना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक पुरतं वाढेपर्यंत दोन्हींचं प्रमाण वरखाली होतं आणि स्तनाग्राखाली गाठ येते. साधारण निम्म्या मुलग्यांना हे होतं, 13-14 व्या वर्षी जास्त, आणि बहुतेकांचं 6 महिने ते 2 वर्षांत आपोआप जातं. तेल चोळू नका, दाबून बघू नका, जाहिरातीतलं क्रीम तर अजिबात नको. एकाच बाजूची कडक गाठ वाढत असेल, स्राव येत असेल, वृषणात गाठ लागत असेल, वयात यायच्या आधीच झालं असेल किंवा 2 वर्षांनंतरही राहिलं असेल तर डॉक्टर गाठायचेच. बॉडीसाठी कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलंय का तेही शांतपणे विचारा, त्यानंही असं होतं.

मला राग येतो तो याचा, की बऱ्याच शाळांत आरोग्याचं सत्र म्हणजे मुलींना वर्गात बसवायचं आणि मुलग्यांना ग्राऊंडवर सोडायचं. 2014 पासूनचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 10 ते 19 वयाच्या मुलग्या-मुली दोघांसाठी आहे, मग पोरांनी ही माहिती कुणाकडनं घ्यायची, चिडवणाऱ्याकडनं?

त्या वडिलांना मी एवढंच करायला लावलं, की वस्तादांना बाजूला घेऊन सांगा. वस्ताद म्हणाले, अशी किती पोरं बघितली, आणि चिडवणाऱ्याला त्यांनीच गप्प केलं. पोरगं आधी टी-शर्ट घालून जोर-बैठका मारायला जायला लागलं, लंगोटावर उतरायला अजून काही महिने गेले, आम्ही कुणीच घाई केली नाही.

तुमच्या घरी असं असेल तर त्याचा शर्ट वर करून बघू नका, पाहुण्यांसमोर विषय नको. सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलामुलींसाठीच्या मैत्री क्लिनिकची चौकशी करा, आणि डॉक्टरांशी त्याला एकट्याला बोलू द्या, तुम्ही बाहेर बाकावर बसा.