रेकॉर्डवर काय, रेकॉर्डबाहेर काय

अमेरिकेत कोर्ट रिपोर्टर म्हणून काम करणाऱ्या आणि त्या परीक्षांची तयारी करणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळच्या सदरात घेतले आहेत. कोर्ट रिपोर्टर म्हणजे वार्ताहर नव्हे. साक्षीतला शब्दन् शब्द स्टेनो मशीनवर टिपायचा आणि त्याचं प्रमाणित ट्रान्स्क्रिप्ट द्यायचं, हे त्यांचं काम. ‘डिपॉझिशन’ हा शब्द खाली वारंवार येईल. सुनावणीआधी, बहुधा वकिलाच्या ऑफिसात शपथेवर घेतलेली जबानी म्हणजे डिपॉझिशन. तिथे न्यायाधीश हजर नसतात, त्यामुळे बहुतेक पेच तिथेच पडतात.

प्रश्न : आरपीआर (रजिस्टर्ड प्रोफेशनल रिपोर्टर हे प्रमाणपत्र) होऊन वर्ष झालं. प्रमाणपत्र टिकवायला तीन वर्षांत ३ सीईयू (पुढच्या शिक्षणाची एककं) लागतात, एवढंच समजलं आहे. म्हणजे नक्की किती तास? आणि कुठलाही कोर्स चालतो का?

नॅशनल कोर्ट रिपोर्टर्स असोसिएशनच्या हिशेबात एक तास म्हणजे ०.१ सीईयू, म्हणजे ३.० सीईयूचे ३० तास झाले. वर्षाला दहा. हे फार नाहीत, पण तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला साठले की जो मिळेल तो वेबिनार गळ्यात पडतो.

संघटनेचं प्रमाणपत्र आणि राज्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका ठिकाणी धरलेले तास दुसरीकडे आपोआप धरले जात नाहीत. पैसे भरण्यापूर्वी दोन्हीकडे विचारून घ्या, आणि हजेरीचं प्रमाणपत्र त्याच दिवशी उतरवून ठेवा. आयोजक संस्थेकडून ते दोन वर्षांनी मिळवणं जिकिरीचं होतं. संघटनेचं सदस्यत्वही चालू लागतं. तास पूर्ण आणि वर्गणी थकलेली, अशानेही प्रमाणपत्र अडकतं.

विषय कसा निवडायचा? तुमच्या शेवटच्या आठ-दहा ट्रान्स्क्रिप्टमध्ये स्कोपिस्टने (स्टेनोवरून आलेला मसुदा दुरुस्त करणाऱ्याने) किंवा प्रूफरीडरने जिथे जिथे हात घातला, त्या जागा काढा आणि त्यांचे तीन ढीग करा : हात मागे पडून सुटलेलं, स्ट्रोक (मशीनवर एकदम दाबायच्या कळा) चुकून भलतंच उमटलेलं आणि ऐकण्यातच चुकलेलं. पहिला ढीग मोठा असेल तर वेग वाढवायचा आहे. दुसरा मोठा असेल तर डिक्शनरी, म्हणजे कुठल्या स्ट्रोकचा कुठला शब्द ही संगणकातली यादी, साफ करायची आहे. तिसरा मोठा असेल तर विषयाचं ज्ञान कमी पडतं आहे, आणि तीस तासांतले निम्मे तिथेच घालावेत. वैद्यकीय साक्षीत ‘हायपोटेन्शन’ आणि ‘हायपरटेन्शन’ घाईत सारखेच ऐकू येतात. ‘इलियम’ तर उच्चाराने एकच, पण स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक : एक लहान आतड्याचा शेवटचा भाग, दुसरं कमरेचं हाड. डॉक्टर पोटाबद्दल बोलताहेत की अपघातातल्या फ्रॅक्चरबद्दल, हे न कळणाऱ्याला नुसता वेग उपयोगाचा नाही.

डिक्शनरीबद्दल एक जोड. कामाच्या आदल्या दिवशी नोटीस, दाव्याचं शीर्षक आणि मिळाली तर कागदपत्रांची यादी मागवा आणि त्यातली नावं त्या कामापुरत्या डिक्शनरीत घाला. ती मुख्य डिक्शनरीत ढकलू नका. आज एखाद्या साक्षीदाराच्या आडनावासाठी केलेला एका स्ट्रोकचा ब्रीफ (आखूड खूण) पुढच्या महिन्यात साध्या शब्दाच्या जागी उगवतो, आणि बोलता बोलता मजकूर उमटतो त्या रिअलटाइम पडद्यावर तो वकिलांना तुमच्याआधी दिसतो.

प्रश्न : परीक्षेत ९५ टक्के अचूकता मिळाली. तरीही काही साक्षीदारांचं इंग्रजी पकडताना घाम फुटतो. हे सरावाने जाईल का?

आधी ९५ टक्क्यांचा अर्थ बघू. आरपीआरच्या प्रश्नोत्तराच्या भागाला मिनिटाला २२५ शब्द, पाच मिनिटं, म्हणजे ११२५ शब्द. त्यात साधारण ५६ चुका झाल्या तरी पास. तोच दर तासाभराच्या साक्षीला लावला तर १३,५०० शब्दांत ६७५ चुका. असं ट्रान्स्क्रिप्ट कुणी हातात धरणार नाही. परीक्षेने फक्त दारातून आत घेतलं आहे.

तुमची अडचण मात्र वेगाची नसावी. फिलाडेल्फियातल्या २७ कोर्ट रिपोर्टरांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना आफ्रिकन अमेरिकन इंग्रजीतली रेकॉर्ड केलेली वाक्यं लिहायला दिली होती. ९५ टक्क्यांची पात्रता असलेल्या या मंडळींची पूर्ण वाक्यं बरोबर आली ती सुमारे ६० टक्के, आणि शब्द पाहिले तर सुमारे ८३ टक्के. जवळजवळ एक तृतीयांश वाक्यांत कोण, काय, कधी किंवा कुठे हेच बदललं होतं. ही चूक बोटांची नाही. त्या बोलीला स्वतःचं व्याकरण आहे : ‘ही बी वर्किंग’ म्हणजे तो नेहमी काम करतो, आत्ता करतो आहे असं नव्हे. हे माहीत नसलं की कान ते वाक्य ‘सुधारून’ घेतो आणि साक्ष बदलते.

म्हणून सराव असा करा. खऱ्या बोलण्याचं, अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट उपलब्ध असलेलं रेकॉर्डिंग घ्या. दोन मिनिटांचा तुकडा लिहा, शब्दाला शब्द लावून तपासा आणि चुकलेलं वाक्य पुन्हा ऐका. त्या बोलीच्या व्याकरणाचा एखादा मान्यताप्राप्त कोर्स मिळाला तर तास सार्थकी लागतील. वेगासाठी वेगळा सराव : २४० ते २५० वर छोटे तुकडे, मग २२५ वर उतरा. वेगाचा आणि कानाचा सराव एकाच बैठकीत नको, दोन्ही अर्धवट राहतात.

आणि प्रत्यक्ष कामात समजलं नाही तर थांबवा. थांबवायचा संकोच हाच नव्या रिपोर्टरांचा सर्वांत महागडा दोष आहे. ‘पुन्हा सांगाल का?’ एवढंच म्हणा. ‘तुम्ही अमुक म्हणालात का?’ असं विचारू नका, कारण साक्षीदार बहुतेक वेळा हो म्हणून मोकळा होतो.

प्रश्न : डिपॉझिशनमध्ये एक वकील ‘ऑफ द रेकॉर्ड’ म्हणतात, दुसरे ‘नाही, चालू ठेवा’ म्हणतात. मी कुणाचं ऐकू?

कुणाचंच नाही, लिहीत राहा. कोर्टात हा अधिकार न्यायाधीशांचा. डिपॉझिशनमध्ये हजर असलेल्या सर्व वकिलांची संमती असेल तरच हात थांबवायचा. काम देणारे वकील मोठ्या आवाजात सांगताहेत म्हणून थांबलात तर दुसऱ्या बाजूची हरकत रेकॉर्डवरून गेली आणि ती घालवणारे तुम्ही ठरलात. शांतपणे म्हणावं, ‘दोघांची संमती होईपर्यंत मी लिहिते आहे.’ त्यांची तू-तू मैं-मैं सुद्धा ट्रान्स्क्रिप्टमध्ये येते. बहुतेकदा हे लक्षात येताच आवाज उतरतात.

संमती झाली की थांबल्याची आणि पुन्हा सुरू केल्याची वेळ नोंदवा. ‘स्ट्राइक दॅट’ या शब्दांनी काहीही पुसलं जात नाही. वकील स्वतःचा प्रश्न मागे घेतात एवढाच त्याचा अर्थ. प्रश्नही राहतो आणि ‘स्ट्राइक दॅट’ही राहतं.

प्रश्न : साक्षीदार मान हलवतो, नुसता हुंकार देतो, व्याकरण तर सोडूनच दिलेलं असतं. किती दुरुस्त करावं?

काहीच नाही. चुकीचं व्याकरणही साक्षच आहे. इंग्रजीतला ‘अ-हा’ म्हणजे होकार आणि ‘हा-अ’ म्हणजे नकार. लिहिताना दोन अक्षरांची जागा बदलली की उत्तर उलटं होतं, म्हणून हे दोन स्ट्रोक डिक्शनरीत एकमेकांपासून लांब ठेवा. मान हलवली तर तिचा अर्थ लावणं तुमचं काम नाही. वकिलांनी तोंडी उत्तर मागावं. त्यांच्या लक्षात आलं नाही तर तुम्ही मागितलेलं चालतं.

वाचून दाखवायला सांगितलं तर प्रश्न आणि उत्तर दोन्ही, सपाट आवाजात वाचा. साक्षीदाराचा हुंदका किंवा वकिलाचा टोमणा आवाजात आणू नका, आणि सारांश तर मुळीच सांगू नका.

प्रश्न : मी मराठी आहे. साक्षीदार मराठीत बोलत होता आणि दुभाषाने आकडा चुकवला. ‘दीडशे’चं इंग्रजीत ‘अडीचशे’ केलं. मी काय लिहायला हवं होतं?

अडीचशे. दुभाषा साक्षीदाराच्या वतीने ‘मी’ म्हणून जे इंग्रजी बोलतो तेच रेकॉर्ड आहे. तुम्ही दीडशे लिहिलंत तर पडताळता न येणारा दुसरा अनुवाद प्रमाणपत्राखाली गेला, आणि त्या भाषेसाठी तुम्ही शपथ घेतलेली नाही.

जास्त धोका चहाच्या सुट्टीत असतो. तिथे एका वकिलाच्या कानावर ‘आकडा चुकला हो’ घातलंत की एका बाजूला फायदा करून दिलात. मग निःपक्षपाती असण्याचा दावा संपला. आमच्या मते योग्य वाट कामाच्या आधीची आहे : साक्षीदाराची भाषा मराठी आहे असं कळताच तुम्हाला ती येते हे एजन्सीला आणि सर्व वकिलांना सांगून टाका. ते ठरवतील. दुभाषाचं बोलणं तपासायला आपला माणूस बसवायचा हक्क त्यांना आहे, आणि हरकत घ्यायचाही. तुमच्या अखत्यारीत एवढंच येतं : दुभाषाचं इंग्रजी ऐकू आलं नाही तर त्याला पुन्हा बोलायला सांगणं. पण हे खरंच ऐकू आलं नसेल तेव्हा. चूक दाखवायची युक्ती म्हणून नाही. साक्षीदाराने मध्येच थेट इंग्रजीत उत्तर दिलं तर ते इंग्रजीत दिलं अशी नोंद जरूर करा.

प्रश्न : दिवाळीला एका वकिलांना मिठाई आणि भेटकार्ड पाठवलं तर बिघडतं का? त्यांच्या ऑफिसात माझी वहिनी काम करते, ते वेगळंच.

ते वेगळं नाही, ते आधीचं आहे. संघराज्य दिवाणी प्रक्रियेच्या नियम २८(क) प्रमाणे पक्षकाराचा नातेवाईक, नोकर किंवा वकील, पक्षकाराच्या वकिलाचा नातेवाईक किंवा नोकर, आणि दाव्यात आर्थिक हितसंबंध असलेली व्यक्ती यांच्यापुढे डिपॉझिशन घेता येत नाही. वहिनी वकील नसली तरी नातं लपवलं आणि मागून कळलं तर पूर्ण ट्रान्स्क्रिप्टवर बोट ठेवलं जाईल. आधी सांगा, किंवा ते काम घेऊच नका.

भेटीला मर्यादा आहेत. कॅलिफोर्नियात एका व्यक्तीला किंवा संस्थेला वर्षभरात मिळून १०० डॉलरची किरकोळ वस्तू, त्यापलीकडे नाही. मिठाई बसेल, भेटकार्डाची बेरीज करा. आणि एका बाजूला प्रतीचा दर कमी, दुसरीला जास्त, असला सौदा भेटवस्तूपेक्षा वाईट. जी सवलत द्याल ती दोन्ही बाजूंना सारखी खुली असायला हवी.

प्रश्न : ट्रान्स्क्रिप्ट गेल्यावर वकिलांचा फोन आला, ‘साक्षीदाराला “जून” म्हणायचं होतं, तेवढं बदलून टाका.’ नाही म्हटलं तर काम जाईल.

कदाचित जाईल. तरी बदलायचं नाही. त्यांना वाट दाखवा : डिपॉझिशन संपण्यापूर्वी मागणी केली असेल तर ट्रान्स्क्रिप्ट तयार झाल्याची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत साक्षीदार वाचून दुरुस्त्यांची यादी कारणांसह सही करून देऊ शकतो. ती यादी तुम्ही जोडायची, मूळ पानांना हात न लावता.

चूक तुमची असेल, म्हणजे मशीनवर टिपलेल्या नोट्समध्ये ‘जून’ आहे आणि छापलं ‘जुलै’, तर मात्र ताबडतोब दुरुस्त पानं नव्या प्रमाणपत्रासह सर्व पक्षांना एकाच वेळी पाठवा. फोन ज्याने केला त्यालाच गुपचूप नवी पीडीएफ पाठवण्याने दोन आवृत्त्या फिरू लागतात, आणि कधीतरी त्या एकाच टेबलावर येतात. म्हणून नोट्स सांभाळा. त्या जपून ठेवणं नियमानेच बंधनकारक आहे.

प्रश्न : सोबत ऑडिओ चालू असतो. मग आवाजावरून मजकूर करणारं सॉफ्टवेअर वापरून वेळ वाचवला तर?

ऑडिओ आधार म्हणून ठीक. पण मायक्रोफोनला सुट्टी कळत नाही. वकील आणि अशील कोपऱ्यात कुजबुजतात ते गोपनीय बोलणंही त्यात जातं. हात थांबला की रेकॉर्डिंगही थांबलं पाहिजे. सुरुवातीला ते विसरलं जातं, म्हणून थांबल्याची वेळ नोंदवतानाच ते बंद करायची सवय लावा.

सॉफ्टवेअरबद्दल : २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या वक्त्यांच्या बोलण्यात शंभरामागे सरासरी १९ शब्द चुकले, कृष्णवर्णीय वक्त्यांच्या बोलण्यात ३५. त्यानंतर प्रणाली बदलल्या आहेत, पण कुणाच्या बोलण्यात चूक जास्त होते हा प्रश्न प्रत्येक नव्या सॉफ्टवेअरला विचारावाच लागतो. शिवाय फाइल कुठे जाते, किती दिवस राहते, प्रशिक्षणासाठी वापरली जाते का, हे लेखी मिळाल्याशिवाय सीलबंद किंवा वैद्यकीय साक्ष त्यात घालू नका. स्कोपिस्टला फाइल पाठवतानाही हेच.

मसुदा कुणीही करो, प्रमाणपत्रावर सही तुमची असते, आणि त्यात साक्षीदाराला शपथ दिली आणि हे त्याच्या साक्षीचं अचूक रेकॉर्ड आहे असं लिहिलेलं असतं. म्हणून सही करण्याआधी मजकुराची प्रत्येक ओळ तुमच्या नोट्सशी लावून बघा. ज्या ओळीला नोट्समध्ये आधार नाही ती ऑडिओवर ऐका. तरीही कळली नाही तर तिथे ऐकू आलं नाही अशी खूण करा आणि पुढे जा.