जपून ठेवायला स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया आरएस घ्यावी की नवी आरएस २४५?

तुम्ही संभाजीनगरात राहता, महिन्यातून दोन-चारदाच गाडी काढणार आणि हातात मेकॅनिक चांगला आहे, असं प्रश्नात लिहिलंय. मग जुनी घ्या. १.८ लिटरचं टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा), १५० पीएस (म्हणजे साधारण तितकीच हॉर्सपॉवर), ५ गिअर मॅन्युअल. ऑक्टाव्हिया इथे शहराजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीतच जुळवली जायची, त्यामुळे तिला आतून-बाहेरून ओळखणारे हात या शहरात अजून सापडतात.

बघायला जाताना मालकाला गाडी थंडच ठेवायला सांगा. ऑइलचं झाकण उघडून आत बोट फिरवा. डांबरासारखा काळा थर लागला तर सरळ परत फिरा. हाच गाळ खाली ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो, ऑइलचं प्रेशर कमी होतं आणि आधी टर्बो जातो. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) कधी बदलला याचं बिल मागा. नसेल तर बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदला. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. जुन्या पंपाची प्लॅस्टिकची पाती झिजली की आपल्या मे महिन्यात इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढलाच म्हणून समजा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर सूं आवाज येऊन ओढ कमी वाटली तर व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या तडकल्यात, खर्च किरकोळ.

२०२० ची आरएस २४५ वेगळीच चीज: २४५ पीएस, ७ गिअर डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), देशात फक्त २०० आल्या, त्याही पूर्ण तयार आयात. चालवायला सरस, दुर्मीळही. पण बंपर-दिवे फुटले तर सुटा भाग यायला थांबावं लागतं. रोज वापरणार असाल तरच ती.